‘सेंड’ केलं म्हणजे पोचलं?

‘ताई, आपल्या लेखांचं काय झालं?’ फर्स्ट इयरची ती मुलगी कॅन्टीनमध्ये मला तिसऱ्यांदा विचारत होती. मीही तिसऱ्यांदा तेच सांगितलं, ‘अगं, पाठवलेत. येईल उत्तर.’

गेल्या वर्षीची गोष्ट. एका आंतरमहाविद्यालयीन लेखस्पर्धेसाठी आमच्या विभागातून चार लेख जाणार होते आणि ते पाठवायचं काम माझ्याकडे होतं. तिचा लेख होता कांद्याच्या खळ्यावर निवडणीचं काम करणाऱ्या बायकांवर. त्यासाठी ती तीन वेळा एसटीने लासलगावला जाऊन आली होती. शेवटच्या तारखेला संध्याकाळी मी विभागातल्या कम्प्युटरवर चारही लेख एका फाइलमध्ये लावले. मग लिहिण्याच्या त्याच प्रोग्राममधलं ईमेलचं बटण दाबलं, पत्ता टाकला, दोन ओळी लिहिल्या आणि ‘सेंड’ केलं. खिडकी बंद झाली. मी बॅग उचलली आणि बस पकडली.

आठ दिवसांनी फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, ‘तुमच्या कॉलेजकडून काहीच आलेलं नाही.’ मी थोडी भांडले. मग विभागात जाऊन मेलचा प्रोग्राम उघडला. आउटबॉक्समध्ये एक मेल पडून होता. मी बघत असतानाच तो तिथून निघाला आणि ‘सेंट’मध्ये जाऊन बसला. आठ दिवस उशिरा!

झालं होतं असं, की लिहिण्याच्या प्रोग्राममधलं ते बटण स्वतः मेल पाठवतच नाही. ते फक्त फाइल उचलून शेजारच्या मेलच्या प्रोग्रामकडे देतं. गावाला निघालेल्या शेजाऱ्याच्या हातात पत्र द्यावं तसं. शेजारी निघालाच नाही, तर पत्र त्याच्या खिशात. विभागातले बाकी सगळे मेल ब्राउझरमध्ये बघतात, त्यामुळे त्या आठ दिवसांत तो प्रोग्राम कुणी उघडलाच नव्हता. आणि खिडकी बंद झाली याचा अर्थ मी ‘पोचलं’ असा लावला होता.

त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘असू दे ताई.’ ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आता इंटर्न म्हणून मी पलीकडच्या बाजूला बसते. लोकांनी पाठवलेल्या फाइल्स उघडणं हे माझ्या कामांपैकी एक. रोज एखादी तरी उघडत नाही. कुणी मराठी लेख जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो फॉन्ट आमच्याकडे नसला की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. कुणी पान लावण्याच्या प्रोग्राममधली मूळ फाइल पाठवतं, पण त्यातले फोटो असतात पाठवणाऱ्याच्या कम्प्युटरवर. फाइलमध्ये फक्त त्यांचा पत्ता. कुणी बदल केले, पण सेव्ह करण्याआधीच फाइल जोडली, म्हणजे आमच्याकडे येतो कालचा मसुदा. आणि कधी कधी येते ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची गूढ फाइल. आउटलुकमधून रिच टेक्स्ट प्रकारात मेल पाठवला की असं होऊ शकतं. अटॅचमेंट त्या पुडक्यात गुंडाळली जाते आणि दुसऱ्या प्रोग्रामला ते पुडकं सोडवता येत नाही. मेल एचटीएमएल किंवा साध्या टेक्स्टमध्ये पाठवला की प्रश्न मिटतो.

साइजचं गणितही आपल्याला कुणी सांगत नाही. ईमेल मुळात फक्त मजकुरासाठी होता. फोटो, आवाज, फाइल्स जोडायची ‘माइम’ ही पद्धत 1992 मध्ये आली. आजही अटॅचमेंट जाताना तिचं रूपांतर अक्षरांमध्ये होतं. दर तीन बाइट्सची चार अक्षरं होतात, म्हणजे फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. एखाद्या सर्व्हरची पूर्ण मेलसाठीची मर्यादा 25 एमबी असेल आणि मेलच्या प्रोग्राममधून 22 एमबीची फाइल बिनधास्त पाठवली, तर ती वाटेत 29 एमबीच्या पुढे जाते आणि परत येऊ शकते. ‘लिमिटच्या आत तर होती!’ असं म्हणत आपण तीच फाइल पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

या सगळ्यावर मोठ्यांचं ठरलेलं वाक्य असतं, ‘तुमची मोबाइलवाली पिढी ना? एवढं साधं येत नाही?’ नाही येत. कारण कुणी शिकवलंच नाही. दहावीच्या सुट्टीत केलेल्या कम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट माझ्या फाइलमध्ये आहे. इनपुट डिव्हाइस आणि आउटपुट डिव्हाइसमधला फरक मी आजही घडाघडा सांगेन. पण पाठवलेली गोष्ट कुठे अडकली हे कसं शोधायचं, हा प्रश्न कुठल्याच व्हायव्हात आला नाही. मोबाइलवर सगळं दोन निळ्या टिकांवर चालतं. ईमेलला तशा टिका नाहीत, हे आपल्याला कळतं ते काहीतरी हातचं गेल्यावर.

माझी चूक होतीच, ती मी ढकलत नाही. पण प्रवेश, स्कॉलरशिप, नोकरी, स्पर्धा सगळं एका अटॅचमेंटवर टांगलेलं असताना दोन गोष्टी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. एक, फर्स्ट इयरला यावर एक तास हवा, प्रत्यक्ष मेल पाठवून आणि बिघडवून दाखवणारा. दोन, अर्ज मागवणाऱ्यांनी फाइलचा प्रकार आणि साइज आधीच सांगावी आणि ‘मिळालं, उघडलं’ असं एका ओळीचं उत्तर द्यावं. कुरियरवालासुद्धा सही घेऊन जातो.

तोवर आपलं आपण शिकायचं. मेल पोचला नाही की पुन्हा पुन्हा ‘सेंड’ दाबण्याआधी तो कुठे थांबला ते बघा. आउटबॉक्समध्ये असेल तर आपल्याच मशीनवर आहे. इंटरनेट आणि मेलचा प्रोग्राम तपासा. ‘मेलर डेमन’ किंवा तशा नावाने उलटा मेल आला असेल तर तो डिलीट करू नका. का परतला ते बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. ‘सेंट’मध्ये असेल तर तिथली अटॅचमेंट उघडून बघा आणि समोरच्याला स्पॅम तपासायला सांगा. तरीही कळत नसेल तर छोटीशी टेक्स्ट फाइल पाठवून बघा. ती पोचली तर वाट मोकळी आहे, भानगड तुमच्या फाइलमध्ये आहे. आणि महत्त्वाचं काहीही पाठवण्याआधी पीडीएफ करा, आधी स्वतःलाच मेल करा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

यंदा ती स्पर्धा पुन्हा जाहीर झाली. परवा रात्री त्या मुलीचा मेल आला, शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी. विषय होता : ‘ताई, उघडतंय का बघ.’ मी मोबाइलवर फाइल उघडली. लेख दिसत होता, बायकांचे फोटो मात्र गायब होते. तिला कळवलं. वीस मिनिटांत दुसरा मेल आला. या वेळी फोटो होते.