होम ग्राउंड, भाड्याचं

ऑफिस शिफ्ट होणार अशी मेल आली की पहिला प्रश्न काय असतो? नवीन जागेचा एसी कसा आहे, हा नाही. कॅन्टीनमध्ये इडली मिळेल का, हाही नाही. पहिला प्रश्न असतो, ‘यार, बस कुठून सुटणार?’ डेक्कनवरून हिंजवडीला किंवा फोर्टमधून ऐरोलीला फेकल्या गेलेल्या कुणालाही विचारा. कंपनीला लेटरहेडवरचा पत्ता बदलायला एक दिवस लागतो. आपल्याला मात्र नवा चहावाला, नवा रिक्षा स्टँड आणि नवी झोप शोधायला सहा महिने जातात.

मग टीम शिफ्ट होते तेव्हा हा प्रश्न कुणीच कसा विचारत नाही? म्हणजे खेळाची टीम. जर्सीवाली, अँथमवाली, चिअरलीडर्सवाली.

पुण्याचंच घ्या. २०१० मध्ये सहाराने ३७ कोटी डॉलर मोजून पुण्याच्या नावाची आयपीएल टीम घेतली. पुणे वॉरियर्स. आमच्या पुणेकर मित्रमंडळींची छाती दोन इंच फुगली. पण २०११ च्या पहिल्या सीझनला पुण्याची ही टीम ‘घरी’ खेळली कुठे? नेरूळला! डी. वाय. पाटील स्टेडियमवर. कारण गहुंज्याचं नवीन स्टेडियम तयार नव्हतं. म्हणजे सदाशिव पेठेतल्या माणसाने आपल्या टीमची होम मॅच बघायला घाट उतरून नवी मुंबईला जायचं. आणि ही गोष्ट कुणाला चुकवायची? पुणेकराला!

१ एप्रिल २०१२ ला गहुंज्याच्या स्टेडियमचं उद्घाटन झालं आणि टीम एकदाची सामान घेऊन नव्या घरी आली. ८ एप्रिलला तिथली पहिली आयपीएल मॅच. समोर पंजाब, आपला कॅप्टन सौरव गांगुली. पुणे जिंकलं. सॉलिड सुरुवात. पण त्या सीझनच्या शेवटी टीम टेबलच्या तळाशी होती, आणि २०१३ मध्ये फ्रँचायजीच बंद झाली. दोन सीझनमध्ये घरही गेलं आणि घरातली माणसंही. भिंतीवर सहाराचं नाव होतं, पुढे पैशांच्या वादात तेही उतरलं.

तेव्हापासून गहुंजे म्हणजे टीम्सचं पीजी झालंय. पेइंग गेस्ट येतात, बॅग टाकतात, डिपॉझिट घेऊन जातात. २०१६ ला रायझिंग पुणे सुपरजायंट्स आले. त्या वर्षी दुष्काळ इतका होता की एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला ट्रेनने पाणी न्यावं लागलं. मुंबई हायकोर्टाने सांगितलं, ३० एप्रिलनंतरच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्या. पुण्याची टीम गेली विशाखापट्टणमला. माणसाला प्यायला पाणी नसताना पिचला कशाला, हा कोर्टाचा मुद्दा मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. २०१७ ला हीच टीम फायनलला पोचली, एका रनने मुंबईकडून हरली आणि संपली. तिचा करारच दोन वर्षांचा होता.

२०१८ ला तर कमालच. कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जला चेन्नई सोडावं लागलं. पिवळी जर्सी गहुंज्यात आली. आणि चेन्नईहून साधारण हजार फॅन्स स्पेशल ट्रेनने पुण्याला आले! टीमने गाव सोडलं, पण गावाने टीम सोडली नाही. तो फोटो बघून मला पहिल्यांदा वाटलं, होम ग्राउंड बहुतेक जमिनीवर नसतं.

पण थांबा. इतकं गोड गोड बोलून विषय मिटत नाही. ट्रेन करून येणं सगळ्यांना परवडतं का?

मुळात आपल्याकडे स्टेडियम्स हलली कशामुळे, माहितीये? तिकिटांच्या भांडणामुळे. मुंबईत ब्रेबॉर्नवर छान टेस्ट मॅचेस चालू होत्या. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, मॅच भरवणारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. सीट्स कुणाला किती, यावरून वाजलं. शेषराव वानखेडेंनी मनावर घेतलं आणि एक किलोमीटरच्या आत दुसरं स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली टेस्ट झाली, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ ठोकले. पुण्यातही तीच स्टोरी. स्वारगेटचं नेहरू स्टेडियम महापालिकेचं. १९९६ च्या वर्ल्ड कपमध्ये केनियाने वेस्ट इंडिजला जिथे लोळवलं, ते हेच. तिथेही महापालिका आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन यांच्यात पासेसवरून वाजलं आणि असोसिएशनने स्वतःचं घर बांधायचं ठरवलं.

फरक एकच. मुंबईचं भांडण चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरात मिटलं. पुण्याचं भांडण एक्स्प्रेस वेला जाऊन थांबलं. स्वारगेटला एसटी स्टँडवर उतरून माणूस पायी स्टेडियमला जात होता. गहुंज्याला जायचं तर गाडी हवी, नाहीतर लोकलने बेगडेवाडी आणि पुढे रिक्षावाल्याची मर्जी. व्हीआयपींच्या पासेसचा प्रश्न सुटला, साध्या प्रेक्षकाचा नवा सुरू झाला.

आता हॉकीकडे या. इथे तर आपण टीम्स हरवण्यात वर्ल्ड चॅम्पियन आहोत. मोजा. २००५ ला प्रीमियर हॉकी लीग आली, त्यात आपली मराठा वॉरियर्स, त्यात खडकीचा धनराज पिल्ले. पण त्या पहिल्या सीझनच्या सगळ्या मॅचेस झाल्या हैदराबादला. २०१२ ला वर्ल्ड सिरीज हॉकी आली, त्यात मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. गहुंज्याचं उद्घाटन झालं त्याच आठवड्यात स्ट्रायकर्स मुंबईत फायनल हरले. त्या लीगचा दुसरा सीझन झालाच नाही. २०१३ ला हॉकी इंडिया लीग, मुंबई मॅजिशियन्स. २०१५ ला ते जाऊन दबंग मुंबई. २०१७ नंतर लीगच बंद पडली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती परत सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ टीम्समध्ये महाराष्ट्राची एकही नव्हती. आणि त्या सीझनच्या पुरुषांच्या मॅचेस ओडिशातल्या राउरकेलाला होत्या. फायनलला हैदराबाद तूफान्स होते. म्हणजे २००५ ला मराठा वॉरियर्स हैदराबादला जाऊन खेळले आणि २०२५ ला हैदराबाद राउरकेलाला जाऊन! वीस वर्षांत आपण एवढंच शिकलो की पाटी एका गावाची आणि मैदान दुसऱ्या गावात.

पण राउरकेलाला नावं ठेवायच्या आधी तो नकाशा एकदा बघाच. राउरकेला सुंदरगड जिल्ह्यात आहे. आदिवासींचा जिल्हा. तिथल्या खेडोपाडी मुलं बांबूच्या काठ्या घेऊन हॉकी खेळतात आणि गावोगावच्या टुर्नामेंटमध्ये बक्षीस म्हणून बोकड मिळतो. भारताचा माजी कॅप्टन दिलीप तिर्की तिथल्या सौनामारा गावचा. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवणारा अमित रोहिदासही त्याच गावचा. २०२३ च्या वर्ल्ड कपसाठी तिथे बिरसा मुंडा स्टेडियम बांधलं, वीस हजारांच्या वर खुर्च्या असलेलं. शिवाय जिल्ह्याच्या सगळ्या १७ ब्लॉक्समध्ये टर्फ टाकायचं काम ओडिशा सरकारने हातात घेतलं. म्हणजे खेळाडू जिथे जन्मतात तिथे मैदान नेलं. बाकी सगळीकडे उलटं चालतं.

आणि उलटं म्हणजे काय, हे मला माहितीये. कारण मी नंदुरबारची.

नंदुरबार म्हटलं की पुण्यात अजूनही ‘म्हणजे गुजरातमध्ये ना?’ असं विचारतात. नाही हो, महाराष्ट्रातच. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा, सहा तालुके, शंभरातले जवळजवळ सत्तर लोक आदिवासी. सुंदरगडसारखाच. फक्त क्रिकेटच्या कागदोपत्री आम्ही महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतो. म्हणजे टेक्निकली आमचं होम ग्राउंड गहुंजे! चारशेच्या वर किलोमीटर, धुळे-नाशिक करत एसटीने अख्खी रात्र. २०२३ ला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, रत्नागिरी, संभाजीनगर, पुणे. सहाही टीम्स, सगळ्या मॅचेस गहुंज्याला. खानदेशचं तर नावही नाही.

माझा मावसभाऊ तळोदा तालुक्यात शाळेत खेळाचा मास्तर आहे. मी त्याला फोनवर हे सगळं तावातावाने सांगत होते. दादा शांतपणे ऐकून अहिराणीत म्हणाला, “ते समदं खरं. पन आपनी टीम कोणती शे वं?” मला उत्तर आलं नाही. मग त्याने खरं काम काढलं. त्याच्या शाळेतली एक तेरा वर्षांची पोरगी. धावते अशी की पीटीच्या तासाला मोठी मुलं मागे पडतात. पुण्यातल्या एका निवासी क्रीडा केंद्राच्या चाचणीला त्याने तिला नेलं. धावणं, उडी, बॉलफेक, सगळ्यात पास. निवड झाली, पण हॉकीसाठी. पोरीने हॉकी स्टिक फक्त फोटोत पाहिलीये.

आता हिचं काय करायचं? घरचे अडलेत. आणि ते का अडलेत, हे समजायला ‘शिफ्ट’ हा शब्द जरा बाजूला ठेवावा लागेल. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. हिच्या आजीचं गाव त्यातलं. त्यांना मिळाली पुनर्वसन वसाहत. तिथे घर मिळालं, शेत मिळालं, पण नदी काही मिळाली नाही. आपण शिफ्ट होतो तेव्हा मागे वळून बघायला गाव असतं. त्यांनी मागे वळून बघितलं तर पाणी आहे. अशा घरातून एक पोरगी ट्रंक घेऊन पुण्याला जाणार, तर त्यांना हे परत एकदा माणूस नेणंच वाटणार ना?

दादाचं म्हणणं, पाठवायचीच. इथे राहिली तर दोन वर्षांत शाळा सुटेल, चार वर्षांत लग्न. माझं मन म्हणत होतं, हे काय बरोबर नाही. टर्फ तळोद्याला का जात नाही? सहाच तर तालुके आहेत. सुंदरगडला १७ ठिकाणी जमू शकतं तर इथे का नाही? दादा म्हणाला, तू लेख लिही, टर्फ येईल तेव्हा येईल, तोवर ही एकोणीसची होईल. यावर काय बोलणार?

आजीने मात्र मला फोनवर एकच विचारलं. हॉकी म्हणजे काय नाही, पैसे किती नाही. तिने विचारलं, “गाडी थेट जाते का?”

थेट जाते, मी सांगितलं. संध्याकाळी बसलं की सकाळी पुणे. आणि मग तिने पुढचं विचारायच्या आत मीच म्हटलं, स्टँडवर न्यायला मी येईन.

तर अशी मी, सहा वर्षांत पाच फ्लॅट बदललेली, महिनाअखेरीस चेकची वाट बघणारी फ्रीलान्सर, एका पोरीची लोकल गार्डियन झालेय. फॉर्मवर ‘स्थानिक पत्ता’ लिहिताना पेन जरा अडखळलं. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, आणि मी म्हणे स्थानिक!

पण या भानगडीत दादाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडलं असं वाटतं. चेन्नईच्या त्या हजार लोकांनी ट्रेन पकडली म्हणून गहुंजे पाच-सहा मॅचेसपुरतं त्यांचं घर झालं. स्टेडियम टीमला घर देत नाही, आलेली माणसं देतात. पोरीलाही तेच लागू. तिची पहिली मॅच होईल तेव्हा बाउंड्रीला तिच्या बोलीत ओरडणारं एक तरी माणूस हवं. बाकीचं अर्धं उत्तर सरकारकडे आणि असोसिएशन्सकडे आहे. सगळ्या मॅचेस हव्यात असं कोण म्हणतंय? रणजीच्या काही मॅचेस नाशिकला झाल्यात, तशी एखादी खानदेशात द्या. एक टर्फ नंदुरबारला द्या. २०२५ मध्ये मुलींची पहिली हॉकी इंडिया लीग रांचीत झाली. तिथवर पोचायला तळोद्याच्या मुलीने आधी पुण्याला का यायचं, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

तोवर आपण आपलं बघू. केंद्रात भेटायची वेळ रविवारी दोन ते पाच. टिळक रोडवरच्या दुकानात स्टिकची किंमत विचारून आलेय. दुकानदाराने विचारलं, “उंची किती मुलीची?” दादाला फोन लावला. त्याने तिला वर्गाच्या दाराशी उभं करून मोजली. एक-दोन वर्षांत वाढेल म्हणून एक साइझ मोठी घे म्हणाला. दुकानदार म्हणाला, स्टिक चपला नाहीत हो, मापाचीच लागते.

मापाची घेतेय.