उरलेल्या प्रती कोणाच्या?

दिवाळी अंकाची सुरुवात दिवाळखोरीने करणे सणासुदीला शोभणारे नाही. पण यंदा चित्रकथेवर अंक काढायचे ठरले, चित्रकारांशी आणि छोट्या प्रकाशकांशी बोलणी सुरू झाली, आणि रेषा, शैली, कथानक यांवरची चर्चा लवकरच आटोपून गाडी एकाच ठेसनावर येऊन थांबू लागली : छापून होते हो, विकायचे कुठे? म्हणून दिवाळखोरीपासूनच सुरुवात करतो.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्स या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. (आपल्या चाचा चौधरीवाल्या डायमंडशी हिचा संबंध नाही.) वीसेक वर्षे तिथल्या कॉमिक्सच्या दुकानांत येणारे जवळजवळ प्रत्येक नवे कॉमिक हिच्याच गोदामातून जात होते. ही मक्तेदारी उभी कशी राहिली, ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकली जात. न खपलेली परत येत; पुष्कळदा तर पुरावा म्हणून नुसते फाडलेले मुखपृष्ठ परत येई आणि प्रकाशकाने तेवढ्यावर नुकसान सोसायचे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फिल स्यूलिंग या न्यूयॉर्कमधल्या शिक्षकाने वेगळा सौदा मांडला : आम्हाला सवलत जास्त द्या, उरलेल्या प्रती आम्ही परत करणार नाही. गिऱ्हाईक ओळखणारा दुकानदार स्वतःच्या हिमतीवर मागणी नोंदवू लागला आणि किती प्रती छापायच्या हे प्रकाशकाला आधीच कळू लागले. १९८४ मध्ये केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघांनी उसनवारी करून ‘निन्जा टर्टल्स’चा पहिला कृष्णधवल अंक काढला, सुमारे तीन हजार प्रतींचा. तो खपला तो याच वाटेने.

पुढे १९९४ ते ९७ या काळात मार्व्हलने स्वतःचा वितरक विकत घेतला, डीसी आणि इतर मोठ्यांनी डायमंडशी एकनिष्ठ राहण्याचे करार केले, बाकीचे वितरक बुडाले किंवा विकले गेले, आणि थोड्याच दिवसांत मार्व्हललाही डायमंडच्याच दारात यावे लागले. दार एकच उरले की दारवान शिरजोर होतो. २००९ मध्ये डायमंडने किमान मागणीची अट दीड हजार डॉलरवरून अडीच हजारांवर नेली. तेवढी मागणी ज्याला आणता येत नाही त्याला यादीत जागा मिळणे अवघड झाले. २०२०-२१ मध्ये डीसी आणि मार्व्हल दोघेही दुसरीकडे निघून गेले. त्यांना जाता आले. छोट्यांचा माल मात्र डायमंडच्या गोदामात ‘विकला तर पैसे’ या बोलीवर पडून होता, आणि दिवाळखोरीत कंपनीने तोच माल विकण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली. शंभराहून अधिक प्रकाशकांच्या प्रती होत्या त्या. माल यांचा, देणी त्यांची!

आपल्याकडे इतके मोठे काही नाही, म्हणून इतके मोठे बुडतही नाही. पण बोली तीच आहे. दोनशे रुपयांचे अठ्ठेचाळीस पानी रंगीत कॉमिक धरा. विक्रेत्याचे आणि वितरकाचे मिळून पंचेचाळीस टक्के गेले, हाती एकशे दहा आले. थोड्या प्रती काढल्या तर रंगीत छपाईलाच प्रतीमागे सत्तर-ऐंशी लागतात. उरलेल्या तीस-चाळीसांत चित्रकार, लेखक, अक्षरांकन करणारा, वाहतूक, आणि कोपरे दुमडून परत आलेल्या प्रती. त्यात कॉमिकची स्वतःची अडचण वेगळीच. पिनांनी शिवलेल्या बारीक पुस्तिकेला कणा नसतो. फडताळात उभी केली की दोन जाड कादंबऱ्यांमध्ये ती नाहीशी होते. समोर पसरून ठेवली तर गिऱ्हाईक पंधरा मिनिटांत उभ्या उभ्या वाचून ठेवून देते. प्लास्टिकमध्ये बंद केली तर आत काय आहे ते कळत नाही म्हणून कोणी घेत नाही. आणि आशय कितीही प्रौढ असो, दुकानात जागा बालविभागातच.

‘इंद्रजाल’च्या वेताळाला ही चिंता नव्हती, १९६४ पासून त्याच्यामागे टाइम्स समूह होता. ‘अमर चित्र कथा’मागे इंडिया बुक हाउस होते. ‘चिंटू’ १९९१ पासून रोज सकाळी पेपरवाल्याच्या सायकलवरून घरोघर गेला. ज्यांना असे वाहन नव्हते त्यांचे काय झाले, याचे उदाहरण नर्मदेच्या खोऱ्यातले आहे. ओरिजित सेन यांचे त्या खोऱ्यावरचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये ‘कल्पवृक्ष’ या संस्थेने काढले. भारतातले पहिले ग्राफिक नॉव्हेल म्हणून त्याचा उल्लेख होत राहिला आणि प्रत मात्र वर्षानुवर्षे मिळत नव्हती. नवी आवृत्ती यायला २०२२ उजाडले, तीही चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ या छोट्या प्रकाशनाकडून.

मग करायचे काय? आमचे मत स्पष्ट आहे : पहिल्या आवृत्तीसाठी वितरकाच्या वाटेला जाऊच नये. परदेशात लोकांकडून आधीच पैसे उभे करणाऱ्या ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळाचा गाजावाजा आहे, पण प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून पुस्तकाची वाट पाहण्याची सवय मराठी वाचकाला केव्हापासूनची आहे. चित्रकथेसाठी ती फारशी कोणी वापरलेली नाही, एवढेच. सार्वजनिक ग्रंथालयांकडे जावे, साहित्य संमेलनातल्या प्रदर्शनात दोघा-तिघांनी मिळून गाळा घ्यावा. टपाल खात्याने मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून. पण नियतकालिके आणि जाहिरातींची प्रकाशने तिच्यात बसत नाहीत. अंक पहिला, अंक दुसरा असे छापण्याची हौस असलेल्यांनी याचा विचार करावा.

आणि थोडे आम्हा संपादकांविषयी. २०२५ मध्ये शंभरी गाठलेल्या शि. द. फडणीसांची चित्रे घरोघर पोचवली ती ‘मोहिनी’सारख्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी. ‘आवाज’च्या खिडक्या उघडून पाहायला पिढ्यान्पिढ्या रांगा लागल्या. दिवाळी अंक हा मराठी चित्रकाराचा सर्वांत जुना वितरक आहे, आणि जाहिराती आधीच मिळत असल्याने उरलेल्या प्रतींचा धक्काही त्याला थोडा सोसतो. तरी आम्ही चित्रकाराला एक पान देतो, चौकट देतो, जागा भरायला व्यंगचित्र मागतो. सलग सोळा पाने क्वचितच.

या अंकाच्या मध्यावर एक सोळा पानी चित्रकथा आहे. ती मुद्दाम एका पूर्ण फर्म्यात बसवली आहे. प्लेटा अंकासाठी तयार झालेल्याच होत्या. यंत्र थांबवण्याआधी त्याच फर्म्याच्या जादा प्रती काढल्या, म्हणजे खर्च कागदाचा, शाईचा आणि वेगळ्या मुखपृष्ठाचा. त्या प्रती पिना मारून चित्रकाराच्या हवाली केल्या आहेत. किंमत त्याने ठरवायची, विकायच्या त्याने, पैसे त्याचे, हक्कही त्याचेच. इतर संपादकांना हिशेब हवा असेल तर मुद्रकाचे बिल आमच्याकडे पाहायला मिळेल.

– संपादक