कुंदगोळ : ‘सवाई’च्या नावामागचे गाव

१/ दर हिवाळ्यात पुण्यात ‘सवाई’ला हजारो रसिक जमतात. १९५३ साली सुरू झालेला हा महोत्सव ज्यांच्या स्मृतीला वाहिलेला आहे, त्या सवाई गंधर्वांचे नाव रामभाऊ कुंदगोळकर. त्यांच्या आडनावातले गाव मात्र बहुतेकांच्या वाटेवर कधीच येत नाही.

२/ कुंदगोळ हे धारवाड जिल्ह्यातील तालुक्याचे छोटेसे गाव. हुबळीहून रेल्वेने निघाले की थोड्याच वेळात काळ्या शेतजमिनींच्या मुलखात ते लागते. स्वातंत्र्यापूर्वी ते पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते. रयतेची भाषा कन्नड, संस्थानिक मराठी.

३/ गावातील नाडगीर वाडा हे गाण्याचे आश्रयस्थान. उत्तरेतील कैराना गावचे उस्ताद अब्दुल करीम खाँ येथे येऊन राहत. रामभाऊ त्यांचेच शिष्य. पुढे मराठी संगीत रंगभूमीने त्यांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेतल्या आणि ‘सवाई गंधर्व’ हे नाव रूढ झाले.

४/ रंगभूमी सोडून ते कुंदगोळला स्थिरावले, तेव्हा गुरूसाठी शिष्य गावाकडे आले. गंगूबाई हनगल शिकण्यासाठी हुबळीहून रेल्वेने येत. गदगचे भीमसेन जोशी १९३६ च्या सुमारास गुरुगृही दाखल झाले. घरची कामे करीत, पाणी भरीत त्यांनी विद्या मिळवली.

५/ मग हा वारसा कोणाचा? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत कुंदगोळ म्हैसूर राज्यात गेले आणि मराठी सांगीतिक इतिहास जणू त्या सीमेवरच थांबला. हा अन्याय कुंदगोळवर कमी आणि इतिहासावर अधिक आहे. उत्तरेचा मुसलमान उस्ताद, कन्नड मुलखातील शिष्य, मराठी रंगभूमी आणि पुण्याचा श्रोता यांतला एक दुवा काढला, तर किराणा घराण्याची ही शाखा उभीच राहत नाही.

६/ ‘तेथे पाहण्यासारखे काय आहे?’ असा प्रश्न विचारला जातो. किल्ल्याचे बुरूज नाहीत, लेणी नाहीत, हे खरे. पण गड पाहणारा जसा दगडांपेक्षा घाटवाटांचा विचार करतो, तसा येथे अंतराचा विचार करावा. शिकवणीसाठी रोजचा रेल्वेप्रवास म्हणजे काय, हे हुबळीच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना जितके कळते, तितके चरित्र वाचून कळत नाही.

७/ वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ संगीतोत्सवाची परंपरा रुजली. भीमसेन कीर्तीच्या शिखरावर असतानाही तेथे येऊन गात. शिष्याने गुरूच्या गावाची वाट मोडू दिली नाही. ती वाट राखण्याची पाळी आता श्रोत्यांची आहे. पुण्याच्या मांडवात बसणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी कुंदगोळचे तिकीट काढावे.