पाठ केलेलं हृदय

परवा आपल्या एसटी स्टँडवर एक काका कोसळले. श्वास बंद. भोवती दहावी-बारावीची पोरं. हृदयाचे चार कप्पे सगळ्यांना तोंडपाठ! पण एकानं कांदा आणला, दुसऱ्यानं चप्पल हुंगवली, बाकीचे व्हिडिओ काढत राहिले. काका गेले.

दोष पोरांचा नाही. आकृती काढा, नावं द्या, मार्क घ्या, एवढंच आपण शिकवलं. हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरायला लागतात. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स येते का आपल्याकडे? १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं असतं. हे कधी शिकवणार?

पालकहो, पुढच्या पालकसभेत मार्कांआधी हे विचारा.