गोष्टीला गोष्टच राहू द्या

अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीच्या फाट्यावरून गावातल्या छपरांकडे नजर टाका. घर पत्र्याचं असो की स्लॅबचं, डिशचं तोंड आग्नेयेला. ही तोंडं फिरवून देण्याचं काम मी करतो. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या डोक्यावर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. आमच्या गावातून तो जवळजवळ नेमका आग्नेयेला, क्षितिजापासून साठएक अंश वर येतो. नट ढिला करायचा, डिश केसभर सरकवायची, सिग्नलची पट्टी चढली की डिशच्या तोंडासमोरचा एलएनबी जरासा पिळायचा. खालून "आलं, आलं!" असा आवाज येतो आणि मला दरवेळी आर्थर क्लार्क आठवतात.

त्या माणसाने ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' नावाच्या मासिकात लेख लिहिला. एवढ्या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरेल, म्हणजे खालून तो एका जागी थांबल्यासारखा दिसेल आणि असे तीन उपग्रह ठेवले तर जवळपास सगळ्या जगाला संदेश पोचवता येतील, हे त्याने मांडलं. पहिला स्पुटनिक उडाला १९५७ साली. म्हणजे आकाशात एकही उपग्रह नव्हता तेव्हा या माणसाने माझ्या धंद्याचा पाया घातला. आणि तो विज्ञानकथा लिहायचा. पुढे तो श्रीलंकेत राहायला गेला. १९७५ मध्ये भारताने उपग्रहावरून खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा साइट प्रयोग सुरू केला, तेव्हा इस्रोने त्याच्या घरी कोलंबोत त्यासाठी डिश बसवून दिली. मला हा प्रसंग फार आवडतो. कल्पनेचा हिशेब चुकता करायची याहून चांगली रीत नाही.

"या असल्या गोष्टी वाचून मिळतं काय?" असं मला लोक विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: वर बघायची सवय लागते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आकाशातून पेटलेल्या तुकड्यांची रांग गेली. आमच्याकडे कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पेटलं म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र म्हणालं. एका आजींनी हात जोडले. मी म्हणालो, ही उल्का नव्हे. उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटरच्या वेगाने हवेत शिरते आणि बहुतेक वेळा डोळ्याचं पातं लवेपर्यंत विझते. हे तुकडे सावकाश, आडवे, एकामागोमाग चालले होते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येताना अशी दिसते, तिचा वेग आठच्या आतबाहेर असतो. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग ३ बी या चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा तो भाग असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. वेगांचा हा फरक मी शाळेत शिकलो नव्हतो. अंतराळाच्या गोष्टी वाचता वाचता तो डोक्यात बसला होता.

पण मला खरं बोलायचंय ते लोणारबद्दल. आमच्याकडून सकाळी निघालं तर दुपारच्या आत माणूस लोणारला पोचतो. काळ्या बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, आत खारं पाणी. स्कंदपुराणातली कथा सांगते की इथे जमिनीखाली लोणासुर दडून बसला होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. ते झाकण नैर्ऋत्येला, ढाकेफळच्या टेकडीकडे जाऊन पडलं म्हणतात. नैर्ऋत्य म्हणजे आमचीच बाजू. लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर याच कथेचं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता आणि आजही येतो.

विज्ञानाची गोष्ट नंतर कळली. हा ज्वालामुखीचा खड्डा की उल्केच्या आघाताचा, यावर बरीच वर्षं वाद चालला. १९७० च्या दशकात तळात भोकं पाडून नमुने काढले आणि जबर धक्क्याशिवाय तयारच होत नाहीत असे बदल त्या खडकात सापडले. बेसॉल्टमधलं असं विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे, म्हणून चंद्र आणि मंगळ समजून घेऊ पाहणारे लोक इथे येतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हाही आधी नाना तर्क झाले. मग पुण्याच्या आघारकर संस्थेत पाणी तपासलं तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले.

आता काही जण मला सांगतात, पूर्वजांना उल्कापात माहीतच होता, झाकण उडालं म्हणजे तेच. हे ऐकलं की मला त्रास होतो. ज्याने ती कथा रचली त्याने एवढा मोठा गोल खड्डा पाहिला आणि इथून काहीतरी उडालं असणार, अशी कल्पना केली. केवढी मोठी नजर! तिला शास्त्राचं प्रमाणपत्र कशाला हवं? प्रमाणपत्र चिकटवलं की कथाकाराची कल्पना हिरावली जाते आणि तळात भोकं पाडणाऱ्यांची मेहनतही पुसली जाते. विमानांचं असंच झालं. २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्या दाव्यांचा आधार असलेलं 'वैमानिक शास्त्र' बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ सालीच तपासलं होतं. पुस्तक विसाव्या शतकातलं आणि त्यातली विमानं उडू न शकणारी, हे त्यांनी लिहून ठेवलंय. पुष्पक विमान मला प्रिय आहे, ते रामायणात आहे म्हणून. इंजिनाच्या नकाशात त्याला कोंबलं की ते मरतं.

याउलट जयंत नारळीकर बघा. त्याच १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. नावामुळे झुकतं माप मिळू नये म्हणून स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असं टोपणनाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला गोष्ट लिहिण्यात कमीपणा वाटला नाही आणि गोष्टीला त्यांनी कधी शोधनिबंध म्हटलं नाही. त्यांचं 'यक्षांची देणगी' वाचणाऱ्या मुलाला कुठे विज्ञान संपतं नि कुठे कल्पना सुरू होते, हे हळूहळू उमगतं. २० मे २०२५ ला ते गेले, त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

तक्रार आहे ती मराठी लेखकांकडे. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, सगळ्यांवर माझा जीव आहे. पण माझ्या वाचनातल्या विज्ञानकथा बहुतेक पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळांत घडतात. आमच्या कापसात, मोसंबीच्या बागेत, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर का घडू नयेत? इथला शेतकरी ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभा राहून फोटो काढतो, तेव्हा त्याचा फोन हजारो किलोमीटरवरच्या निदान चार उपग्रहांची घड्याळं ऐकत असतो. २०२४ च्या मे महिन्यात मोठं सौरवादळ आलं, तेव्हा अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबले होते. तसंच वादळ मृगाच्या तोंडावर आमच्या शिवारावर आलं तर? ढगांचं चित्र पाठवणारा इन्सॅट-३डीएस गप्प झाला, फोन प्रत्येकाला दुसऱ्याच गटात उभं असल्याचं सांगू लागले आणि बांधाचे जुने वाद पुन्हा उकरले गेले तर? ही कादंबरी आयती पडून आहे. अंबड तालुक्यातल्या एखाद्या पोराने किंवा पोरीने ती लिहावी. मजकूर आधी मला दाखवला, तर उपग्रहांचे रेखांश मी तपासून देईन.