'मी' म्हणजे मी नव्हे

कथेत 'मी' लिहायचं की 'ती', हा प्रश्न पुरुषाला कथा सुचल्यावर पडतो. बाईला तो कथा सुचायच्या आधीच पडतो. हे बरोबर नाही, एवढंच मला आज भांडून सांगायचं आहे. आणि भांडताना स्वतःलाही सोडायचं नाही, कारण या बाबतीत मी एकदा पळ काढलेला आहे.

काही वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली. निपाणीकडच्या खेड्यातली एक बाई भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देते, एवढीच गोष्ट. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. वारशाचा तो हिंदू कायदा आम्हा जैनांनाही लागू आहे. तेव्हापासून बहिणीला सणाला बोलवायचं, साडी नेसवायची आणि दुसऱ्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात न्यायचं, असं मी आमच्या भागात किती घरांत पाहिलं! कथा 'मी'त होती. ती बाईच सांगते की भावानं किती मान केला, वहिनीनं कशी मोरपंखी साडी दिली, जबरदस्ती म्हणून कसलीच नव्हती. वाचणाऱ्याला मात्र हळूहळू कळत जातं, की साडीचा रंग ही तीन-तीनदा का सांगतेय.

कथा एका दिवाळी अंकात आली. पुढच्याच आठवड्यात बस्तीत एका आत्तींनी गाठलं.

"किती एकर होती गं तुझी?"

"आत्ती, आमच्या वडिलांचं स्वतःचं घरसुद्धा नव्हतं. जन्मभर भाड्यानं राहिले."

"असंल की. पण तू 'मी' म्हणून लिवलंयस."

तिकडं माझ्या भावाला लोक दुकानात विचारायला लागले, बहिणीचं किती घेतलंस म्हणून. त्या वर्षी क्षमावाणीला सगळ्यांचे फोन आले, त्याचा आला नाही. मी घाबरले. पुढं पुस्तक निघायची वेळ आली तेव्हा एका रात्रीत सगळ्या 'मी'ची 'ती' केली. संपादकांनी विचारलं, तर "अंतर यायला हवं होतं," असं शहाणपणाचं उत्तर दिलं. खोटं होतं ते. अंतर कथेला नको होतं, मला हवं होतं.

आणि कथा मेली. कशी मेली ते सांगते, कारण खरा मुद्दा तिथंच आहे. 'मी'त ती बाई स्वतःलाच फसवत होती आणि ते वाचकाला दिसत होतं. तिचं बोलणं आणि तिचं दुःख यांच्यामधली फट, हीच गोष्ट होती. 'ती' केल्याबरोबर सांगणारी मी झाले. आता "तिला आनंद झाला" असं लिहावं तर मी वाचकाला फसवते, आणि "तिला वाईट वाटलं" असं लिहावं तर गोष्ट पहिल्याच पानावर संपते. मी दुसरं केलं. हूं की चूं न करणाऱ्या बाईची एक रडकी तक्रार तयार झाली. लोकांना फार आवडली. दोन ठिकाणी वाचनाला बोलावणंही आलं. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, मग सोपं आहे, नेहमी 'मी'च लिहावं. कथालेखनाच्या शिबिरांत हेच सांगतात: 'मी' लिहा, जिवंत वाटतं, खरं वाटतं. यालाही माझा विरोध आहे. 'मी' लिहिल्यानं काही खरं होत नाही. विश्वास नसेल तर ते हक्कसोडपत्र वाचून बघा. तेही 'मी'तच असतं! मी राजीखुशीनं, कुणाच्या दबावाला बळी न पडता, पूर्ण विचारानं लिहून देते की... त्यातलं एक अक्षर त्या बाईचं नसतं. मजकूर वकिलाचा, घाई भावाची, तिची फक्त सही. जगातली कितीतरी मोठी असत्यं प्रथमपुरुषात लिहिलेली आहेत. 'मी' कुणाच्या तोंडी आहे आणि ती काय लपवतेय, हे ज्याला दिसत नाही त्याच्या हातात 'मी' म्हणजे वकिलाचाच कागद.

आता परंपरेकडं बघू. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही यमूनं स्वतः सांगितलेली हकिगत आहे, आणि ती लिहिली हरिभाऊ आपट्यांनी, 'करमणूक'मधून, १८९० नंतरच्या वर्षांत. बालविवाह, सासर, वैधव्य, सगळं 'मी'त. खांडेकरांच्या 'ययाति'त ययाति, देवयानी, शर्मिष्ठा असे तिघं आपापलं सांगतात. १९५९ सालच्या या कादंबरीला पुढं ज्ञानपीठही मिळालं. शर्मिष्ठेचं दुःख तुम्हाला कसं ठाऊक, असं खांडेकरांना दारात अडवून विचारायला कुठल्या आत्ती गेल्या असतील असं मला वाटत नाही. पुरुषानं बाईचा 'मी' लिहिला की ती प्रतिभा. आणि १९३३ साली एका बाईनं 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं तेव्हा? मालतीबाई बेडेकरांना 'विभावरी शिरूरकर' या नावाआड जावं लागलं. तरी ही विभावरी नक्की कोण, म्हणून गदारोळ झालाच. कथेपेक्षा कथा लिहिणारीचा पत्ता लोकांना जास्त हवा होता.

पुरुषाच्या 'मी'तही लोक आत्मचरित्र शोधतात, मान्य. पण सापडलं की त्याला धाडसी म्हणतात. बाईचं सापडलं की तिच्या माहेरी फोन जातो. मग ती काय करणार? 'ती'च्या आडोशाला जाणार. समीक्षक त्याला संयम म्हणणार.

हा आडोसाही पक्का नाही, हे वेगळंच. मराठीत 'ती' म्हणजे तटस्थ, असं समजू नका. सासूबद्दल लिहिताना 'ती म्हणाली' की 'त्या म्हणाल्या'? भांडीवाल्या बाईला 'ती' आणि डॉक्टरीणबाईंना 'त्या', हे कुणी ठरवलं? निवेदकानं. म्हणजे निवेदक कुठं बसलाय, कुणाच्या पाया पडतो आणि कुणाला अरे-तुरे करतो, हे पहिल्या क्रियापदात उघडं पडतं. आपण लपलोय असं लिहिणारीला वाटतं, पण पदर बाहेर राहिलेला असतो.

'मी'चीही स्वतःची किंमत आहे. आमच्या भागात खेड्यातली बाई "मी आले" म्हणत नाही, "मी आलो" म्हणते. "मी जातो", "मी बघतो". कन्नडमध्ये तर 'नानु बंदे' बाईनं म्हटलं काय, पुरुषानं म्हटलं काय, एकच. माझ्या कथेत ती बाई "मी सही करून आलो" म्हणाली होती. दिवाळी अंकात ते सगळीकडं "आले" करून छापलं. मी मुकाट्यानं सोसलं. आता वाटतं, तिथंच भांडायला हवं होतं. तिचा 'मी' घ्यायचा असेल तर तिचं क्रियापदही घ्यायला हवं. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बोलणारी खेड्यातली 'मी' ही 'ती'च असते, नुसतं सोंग घेतलेली.

मग ठरवायचं कसं? मी दोनच प्रश्न विचारते. जे सांगायचं आहे ते कुणाला ठाऊक आहे, आणि ते ती स्वतःच्या तोंडानं कधी सांगेल का? आमची आजी जन्मात 'मी' म्हणाली नाही. "आमच्यात असं नसतं," "बायकांनी असं करू नये," एवढंच बोलायची. तिच्यावर लिहिलेल्या गोष्टीत मी 'ती'च ठेवलं. तिच्या तोंडी 'मी' घातला असता तर तिनं न बोललेलं मी बोलवून घेतलं असतं, म्हणजे पुन्हा सहीच घेतली असती. हक्कसोडपत्रवाली मात्र बोलकी. खोटं बोलेल, पण बोलेल. तिला 'मी' हवाच. लोक काय म्हणतील, हा प्रश्न या दोन्हींत कुठंही येत नाही.

वाचकांनाही एक सांगणं. तुम्ही बाईच्या प्रत्येक 'मी'ला "हे तुझंच ना?" असं विचारता, तेव्हा कौतुक करत नसता. तिला दुसऱ्या कुणाचं काही कळू शकतं, हेच तुम्ही नाकारत असता. शेजारणीचं, नणंदेचं, ऑफिसच्या बाकावर पदराला पेनाची शाई पुसत बसलेल्या अनोळखी बाईचं.

पुढच्या आवृत्तीत मी 'मी' परत घालणार आहे, आणि "आलो"सुद्धा. या खेपेला भावाला आधीच सांगितलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "लिही की. पण साडीचा रंग तेवढा बदल. ती मोरपंखी मीच दिली होती तुला."

रंग बदलणार नाही.