पाऊल का अडखळते?

पौषातील ग्वाल्हेरची थंडी वाचकांस सांगावयास नको. या दिवसांत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि लष्करातील एखाद्या वाड्यातून अर्धांगवायूची वार्ता येते. ‘अकस्मात झाले,’ असे सारे म्हणतात. आमच्या काकांच्या बाबतीत आम्हीही तसेच म्हणालो. मागाहून उमगले की, अकस्मात काहीच घडले नव्हते. दोन वर्षे त्यांचे पाऊल आखूड पडत होते. बाड्यापर्यंतची फेरी सुटली होती, उत्तर द्यावयास विलंब लागत होता. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेले.

तिघऱ्याचे पाणी मोठ्या नळांतून शहरात येते; परंतु गल्लीच्या टोकाचा बारीक नळ आतून गंजला, तर शेवटचे घर कोरडे राहते. मेंदूचेही तसेच आहे. त्याच्या गाभ्यात शिरणाऱ्या धमन्या बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतात. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांनी त्यांच्या भिंती जाड व ताठर होतात. एखादी बुजली की तेथील मेंदूचा अंश मरतो आणि चिमुकला खळगा उरतो. फ्रेंच वैद्य प्येर मारी यांनी १९०१ साली अशा खळग्यांचे वर्णन केले. एखादा खळगा पुष्कळदा कळतही नाही. अनेक साचले की चाल मंदावते, लघवी आवरत नाही, उत्साह मावळतो. रक्तप्रवाह अडून येणाऱ्या झटक्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश या बारीक वाहिन्यांमुळे येतात. त्याच वाहिन्या कधी फुटतात व रक्तस्राव होतो.

झटका काय हिरावून नेतो, हे आपल्या शहराने पाहिले आहे. येथेच १९२४ साली जन्मलेले आणि व्हिक्टोरिया महाविद्यालयात शिकलेले अटलबिहारी वाजपेयी यांना २००९ साली पक्षाघात झाला आणि सभा जिंकणारी ती वाणी क्षीण झाली.

उपाय साधे आहेत, नेटाने करावे लागतात. रक्तदाब नियमित मोजावा. बहुतेकांना १३०/८० च्या आत ठेवणे हितावह, मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमहून कमी असावे. लोणचे-पापडातील मीठही त्यातच धरावे. बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. काकांनी नेमके तेच केले होते.

तोंड वाकडे झाले, हात गळाला, वाचा अडखळली, तर प्रथम घड्याळ पाहावे आणि १०८ क्रमांकास बोलवावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गुठळी की रक्तस्राव, हे स्कॅनवाचून कळत नाही; म्हणून घरचे औषध देऊ नये, तोंडात पाणीही घालू नये.

काका आता काठीच्या आधाराने अंगणापुरते चालतात. दिवेलागणीला नात त्यांच्या हातावर गोळी ठेवते. वाचकांनी पुढील अंक येण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांसह एक फेरी अवश्य मारावी. त्यांचे पाऊल आखूड पडले, तर हसू नये, रक्तदाब मोजावा.